दीवचं जुनं गाव पायी फिरायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

सोमनाथ-गीरची ट्रिप ठरली की ग्रुपमधलं कोणीतरी हमखास विचारतं, मध्ये दीव टाकू का, आणि मग तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. हे नागवा बीचबद्दल नाहीये, त्याचे व्हिडिओ ढिगाने मिळतील. हे किल्ला आणि वेस ह्यांच्या मधल्या जुन्या गावाबद्दल आहे, जिथे बहुतेक लोक शिरतच नाहीत.

दीव म्हणजे दमणच्या बाजूलाच ना?

नाही हो. "दीव-दमण" असं जोडीने नाव घ्यायची सवय लागलीये त्यामुळे सगळ्यांना तसंच वाटतं. दमण वापीजवळ, आणि दीव पार सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला, मध्ये खंभातचं आख्खं आखात. दमण बघून संध्याकाळी दीवला जाऊ असा प्लॅन केला असेल तर आत्ताच बदला. जवळचं मोठं गाव म्हणजे गुजरातमधलं उना, साधारण १५ किमीवर. सोमनाथहून ८५ किमीच्या आसपास, म्हणून ते कॉम्बिनेशन सोयीचं पडतं.

बेट आहे तर बोटीने जावं लागतं का?

नाही, पूल आहेत. मध्ये खाडी आहे फक्त, गाडी थेट जाते. घोघला नावाचा भाग खाडीच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूला आहे पण तोही दीवमध्येच मोजतात. तिथून पुलावर आलात की समोर पाण्यापलीकडे जुनं गाव, धक्का आणि मागे किल्ला असं सगळं एका नजरेत दिसतं. ह्या पुलावर गाडी थांबवू नका, पण जरा हळू घ्या.

मुंबईहून कसं जायचं?

बांद्रा टर्मिनसवरून वेरावळची गाडी आहे, वेरावळला उतरून पुढे बस किंवा टॅक्सी, ९० किमी धरा. विमानतळ दीवमध्येच आहे, नागव्याजवळ, आणि मुंबईहून विमान असतं पण वेळापत्रक बदलत राहतं त्यामुळे आधी ते बघा आणि मगच हॉटेल बुक करा, उलटं करू नका. स्वतःची गाडी घेऊन जाणारेही खूप आहेत, पण मुंबईहून एका दमात नका मारू, भावनगर किंवा अहमदाबादला मुक्काम करा.

किल्ला आणि बीच सोडून गावात बघण्यासारखं आहे काय? खरं सांगा.

खरं सांगायचं तर ते तुमच्यावर आहे. "पॉइंट" बघायचे असतील तर तीन चर्च, एक हवेली, एक वेस, दोन तासात संपलं. पण ह्या गावाची मजा पॉइंटमध्ये नाहीये. इथे एकाच गल्लीत एका बाजूला गुजराती पद्धतीचं कोरीव लाकडी दार आणि त्याच घराच्या वर पोर्तुगीज धाटणीची बाल्कनी, चुन्याच्या वेलबुट्ट्या, फिकट निळा नाहीतर पिवळा रंग, आणि ओट्यावर बसून आजी लसूण सोलतेय. दोन्ही गोष्टी एकाच सुताराने आणि गवंड्याने केल्यात, कारण मालक वाणी होता आणि फॅशन फिरंग्यांची होती. गोव्यात फाँटेन्हास, म्हणजे पणजीतली जुनी पोर्तुगीज धाटणीची वस्ती, बघितली असेल तर तसं काहीतरी डोक्यात घेऊन जाऊ नका. तिथे सगळं रंगवून टापटीप आहे. इथे पडझड आहे, वायरी लोंबतायत, आणि त्यामुळेच मला जास्त आवडतं, पण हे प्रत्येकाला पटेलच असं नाही.

गावाची रचना कशी आहे? नकाशाशिवाय समजेल का?

अगदी सोपी आहे. गाव बेटाच्या पूर्वेच्या टोकाला आहे. एकदम टोकावर किल्ला, तीन बाजूंनी समुद्र. पश्चिमेला, म्हणजे बेटाच्या उरलेल्या भागाकडे, गावाची तटबंदी आणि तिच्यात झांपा वेस. उत्तरेला खाडी आणि धक्का, दक्षिणेला खुला समुद्र. ह्या चौकटीच्या आत सगळं गाव. किल्ल्याच्या बाजूचा भाग फिरंगीवाडा, तिथे चर्च, मोठे मोकळे रस्ते, सरकारी ऑफिसं. वेशीकडे सरकत गेलं की गल्ल्या अरुंद होतात, घरं एकमेकांना चिकटतात, तो व्यापाऱ्यांचा भाग. बंदर चौक हा मधला सगळ्यांना माहीत असलेला ठिकाणा, हरवलात तर कोणालाही तो विचारा. टोकापासून वेशीपर्यंत दीड-दोन किलोमीटर, त्यामुळे हरवून हरवणार तरी किती.

किती वेळ ठेवायचा?

किल्ल्याला दोन-अडीच तास वेगळे. गावाला एक आख्खी सकाळ, आणि जमलं तर एक संध्याकाळ. दुपारी १२ ते ४ मध्ये गावात फिरू नका, ऊन एक कारण आणि दुसरं म्हणजे सौराष्ट्रात दुपारी दुकानदार जेवून चक्क झोपतात, सगळं बंद असतं. एक दिवसात "दीव करून" सोमनाथला परत जाणाऱ्यांना मी काही म्हणत नाही पण मग किल्ल्यात फोटो आणि नागव्याला पाय ओले, एवढंच होतं.

सुरुवात कुठून करू?

सकाळी धक्क्यावरून. लवकर, साडेसहा-सातला. मासळी आलेली असते, टोपल्या, बर्फ, मांजरी आणि भाव करणाऱ्या बायका, त्यांचा आवाज कुठल्याही सरकारी भोंग्यापेक्षा मोठा. ह्या वेळेला ऊन खाडीवरून तिरकं येतं आणि समोरची घरं फोटोत छान येतात. मग बाजारातून आत व्यापाऱ्यांच्या गल्ल्यांत शिरायचं, नगरशेठ हवेली बघायची, तसंच झांपा वेशीपर्यंत जायचं, आणि परत येताना दक्षिणेच्या बाजूने चर्चवरून किल्ल्यात. ऊन वाढायच्या आत किल्ला गाठला पाहिजे, आत सावली फारच कमी आहे.

किल्ल्यात एवढं काय आहे? आपल्याकडे साडेतीनशे किल्ले आहेत.

हा प्रश्न मला दर वेळी येतो, बहुतेक ट्रेकर मंडळींकडून. हा डोंगरी किल्ला नाही, चढ नाही, त्यामुळे दमण्याचं समाधान मिळणार नाही. पण तोफांच्या काळातला समुद्री किल्ला कसा बांधायचा हे बघायला हा भारी आहे. जमिनीच्या बाजूला खडकात खोदलेला खोल खंदक, त्यात भरतीचं पाणी शिरतं. खंदकाच्या कडेला उभं राहून खाली बघा, दगडावर छिन्नीच्या रेघा अजून दिसतात. वर बुरूज, बुरुजांवर तोफा, काही पितळी, त्यांच्यावर राजचिन्हं आणि अक्षरं कोरलेली. सगळ्यात वर दिवा असलेलं लाइटहाउस, तिथून आख्खं गाव, खाडी, घोघला सगळं दिसतं.

आतल्या एका भागात बरीच वर्षं तुरुंग होता, काही वर्षांपूर्वी तर तिथे एकच कैदी उरला होता म्हणून बातम्या आल्या होत्या. एवढा मोठा किल्ला, एक माणूस.

इथली सगळ्यात प्रसिद्ध तोफ मात्र इथे नाहीये. गुजरातच्या सुलतानाची ती प्रचंड तोफ पोर्तुगीजांनी उचलून लिस्बनला नेली, आज तिथल्या लष्करी म्युझियममध्ये आहे, आणि तिचं नावच "तिरो द दिऊ", दीवची तोफ.

इतिहास थोडक्यात सांगा ना, गाइड काहीही सांगतात.

थोडक्यात होणार नाही पण बघू. दीव हे मुळात गुजरातच्या सुलतानाचं श्रीमंत बंदर. तांबड्या समुद्राकडे जाणारी-येणारी जहाजं इथे लागायची आणि जकात भरायची, म्हणून सगळ्यांची नजर. १५०९ च्या फेब्रुवारीत दीवसमोर समुद्रात मोठी लढाई झाली, एका बाजूला पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मैदा, दुसऱ्या बाजूला इजिप्तचे मामलुक, गुजरातची जहाजं आणि कालिकतच्या सामुरीची माणसं. पोर्तुगीज जिंकले. पण गंमत म्हणजे दीव तरीही त्यांच्या हातात आलं नाही, तिथला सुभेदार मलिक अयाझ भलता मुरलेला माणूस होता, त्याने गोड बोलून वेळ मारून नेली.

पुढे २५ वर्षांनी हुमायून गुजरातवर चालून आला आणि सुलतान बहादूरशाह अडचणीत सापडला. मदत हवी म्हणून त्याने १५३४ च्या डिसेंबरात वसई आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना लिहून दिली, आणि १५३५ मध्ये दीवला किल्ला बांधायची परवानगी दिली. हुमायून परत गेल्यावर सुलतानाला पस्तावा झाला, पण उशीर झाला होता. १५३७ मध्ये तो पोर्तुगीजांच्या जहाजावर भेटीला गेला आणि परतताना समुद्रातच झटापटीत मारला गेला.

म्हणजे वसईचा किल्ला आणि दीवचा किल्ला हे एकाच माणसाच्या एकाच घाबरगुंडीतून आलेत. वसई १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी घेतली. दीव मात्र राहिलं ते थेट १९६१ पर्यंत. वसई, रेवदंडा, कोर्लई बघितलेल्यांनी दीव नक्की बघा, आपल्याकडे जे झाडोऱ्यात पडलेलं आहे ते इथे उभं आहे.

दाढीची गोष्ट खरी आहे का?

हो, ही खरी, आणि गाइडने सांगितली नाही तर तुम्ही त्याला सांगा.

किल्ल्याला दोन मोठे वेढे पडले. पहिला १५३८ मध्ये, सुएझहून तुर्कांचं आरमार घेऊन सुलेमान पाशा आला होता. दुसरा १५४६ मध्ये, गुजरातच्या बाजूने सरदार खोजा सफर. हा दुसरा वेढा महिनोन्महिने चालला, आणि खोजा सफर स्वतः तोफेच्या गोळ्याने गेला. नंतर एक बुरूज सुरुंग लावून उडवला त्यात आतले पोर्तुगीज मेले, त्यांच्यात गोव्याचा गव्हर्नर जुआंव द कास्ट्रो ह्याचा तरुण मुलगा फर्नांदो होता. नोव्हेंबरमध्ये कास्ट्रो स्वतः आरमार घेऊन आला आणि वेढा मोडला, पण किल्ल्याची पार दाणादाण झाली होती आणि परत बांधायला पैसा नाही. तेव्हा त्याने गोव्याच्या नगरपालिकेला पत्र लिहिलं की कर्ज द्या. तारण म्हणून मुलाची हाडं पाठवणार होतो पण प्रेत अजून तशा अवस्थेत नाही, म्हणून माझ्या दाढीचे केस पाठवतोय. गोव्याच्या लोकांनी पैसे पाठवले आणि दाढीही परत केली.

आज जो किल्ला दिसतो त्यातला बराच त्यानंतरचा आहे.

समुद्रात जो छोटा किल्ला दिसतो त्यात जाता येतं का?

पाणीकोठा. खाडीच्या तोंडाशी आहे, लांबून दगडी जहाज नांगरलंय असं वाटतं. आत सहसा सोडत नाहीत. धक्क्यावरून होडी मिळाली तर चक्कर मारता येते, नाही मिळाली तर किल्ल्याच्या तटावरून छान दिसतो, जिवाला लावून घेऊ नका. रात्री दिवे लावतात.

तीन-तीन चर्च बघायची गरज आहे का?

तिन्ही बघा, कारण तिघांचं नशीब वेगवेगळं निघालं.

सेंट पॉल अजून चालू आहे, प्रार्थना होते. बांधकाम १६०१ ते १६१०. बाहेरची भिंत म्हणजे नुसती नक्षी, शंख, वेली, खांब, आणि आत गेल्यावर वेदीमागे सागवानाचं जे काम आहे ते वरपर्यंत मान दुखेपर्यंत बघण्यासारखं आहे. आत बोलू नका आणि खांदे झाका, एवढं पाळा. दीव आजही चर्चच्या कारभारात गोव्याच्या आर्चडायोसिसखालीच येतं.

सेंट थॉमस, १५९८ चं, आता म्युझियम आहे. मोठी पांढरी इमारत, आत लाकडी संत रांगेने ठेवलेत. काहींचे हात गेलेत, काहींचे डोळे वाळवीने खाल्लेत, तरी चेहऱ्यावरचा भाव तसाच. कोरीव शिलालेखही आहेत. लोक पाच मिनिटात बाहेर पडतात, तुम्ही थोडं थांबा, एखाद्या संताच्या कपड्याच्या चुण्या जवळून बघा, लाकूड आहे हे विसरायला होतं.

तिसरं सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी, १५९३ चं, तिथे हॉस्पिटल आलं. त्यामुळे आत मोबाइल काढून फिरू नका, पेशंट असतात.

नगरशेठ हवेली आतून बघता येते का, आणि एवढा पैसा ह्या लोकांकडे आला कुठून?

बाहेरूनच बघायची, आणि बाहेरूनच खरी आहे. गल्ली इतकी अरुंद आहे की पूर्ण हवेली एका फोटोत येत नाही, समोरच्या भिंतीला पाठ टेकवून उभं राहावं लागतं. चुन्यात उठवलेली फळं, फुलं, वेलांट्या.

पैसा आफ्रिकेतून. दीवचे वाणी इथून काठियावाड-गुजरातचं कापड जहाजात भरून मोझांबिकला पाठवायचे, तिकडून हस्तिदंत यायचा, आणि गुलामही, हे टूरिस्ट बोर्डावर लिहीत नाहीत पण होतं ते होतं. १६८६ मध्ये तर ह्या व्यापाऱ्यांच्या कंपनीला दीव-मोझांबिक व्यापाराची मक्तेदारी दिली होती. म्हणजे फिरंगी किल्ल्यात बसून तोफा सांभाळत होते आणि समुद्रापलीकडचा धंदा बऱ्याच अंशी गुजराती माणूस चालवत होता. किल्ल्यात उभं राहून गाव बघितलं तर हे कळत नाही, गल्लीत उभं राहून वर बघितलं की कळतं. म्हणूनच मी म्हणते किल्ला बघून परत फिरू नका.

त्याआधी १६६८ मध्ये ओमानच्या अरबांनी दीव लुटलं होतं, ते वेगळंच.

आणि पारशी लोकांच्या परंपरेप्रमाणे इराणहून निघालेले त्यांचे पूर्वज संजाणला यायच्या आधी १९ वर्षं दीवमध्ये राहिले होते. इथे पारशांची जुनी दख्मा, म्हणजे मृतदेह ठेवायचा दगडी मनोरा, आहे.

इतक्या घरांना कुलपं का आहेत? भुताटकी वगैरे?

भुताटकी नाही, पासपोर्ट. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो, त्यामुळे हजारो दीववाले आधी मोझांबिक, मग लिस्बन आणि आता इंग्लंडात, विशेषतः लेस्टरला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ५२ हजारांच्या आसपास आणि दर हजार पुरुषांमागे १०३१ बायका, शेजारच्या गुजरातच्या बरोबर उलटं. पुरुष बाहेर. डिसेंबरात ही मंडळी सुट्टीला येतात तेव्हा तीच कुलपं उघडतात, ओट्यावर खुर्च्या येतात, आणि गल्लीत गुजराती, इंग्रजी, पोर्तुगीज असं सगळं एकाच वाक्यात ऐकू येतं. गोव्यातल्या मंडळींना ह्यात नवीन काहीच वाटणार नाही.

म्हणजे तिथे पोर्तुगीज बोलतात? मराठी चालेल का?

गाव गुजरातीच बोलतं. थोड्या ख्रिश्चन कुटुंबांत दीवची स्वतःची पोर्तुगीज क्रिओल, म्हणजे मिश्र, बोली अजून आहे, पण बोलणारे फारच कमी उरलेत. मराठी नाही चालत, हिंदी सगळीकडे चालते. तसा आपला संबंध कागदावर बराच आहे म्हणा, १९८७ पर्यंत दीवचा कारभार पणजीहून चालायचा, गोवा, दमण आणि दीव मिळून एकच केंद्रशासित प्रदेश होता, आणि आजही दीवचं अपील मुंबई हायकोर्टातच येतं. २०२० पासून दमण-दीवच्या केंद्रशासित प्रदेशात दादरा-नगर हवेलीही जोडली.

झांपा वेस आणि नायडा गुंफा एकत्र होतात का?

आरामात, दोन्ही जवळजवळ आहेत. वेशीवर सिंह, देवदूत आणि एक पाद्री कोरलेत, आतल्या बाजूला छोटं चॅपल आहे, तिथल्या मूर्तीवर १७०२ साल आहे. रंग जरा भडक मारलाय, चालायचंच.

नायडा तटाच्या बाहेर. "गुंफा" ऐकून कोणी वेरूळसारखं काही शोधू नका, किल्ला-तटासाठी दगड काढून काढून ज्या पोकळ्या राहिल्या त्या ह्या, चौकोनी कापलेल्या भिंती, छताला भोकं, त्यातून ऊन खाली येतं, झाडांची मुळं लोंबतात. रील करणाऱ्यांची आवडती जागा त्यामुळे दहानंतर रांग असते. पावसात शेवाळ, चप्पल ग्रिपवाली घाला. आणि बाहेर पडताना डोक्यात ठेवा की समोरच्या तटातला दगड ह्या भोकांतून गेलाय.

बसस्टँडला जेठीबाईचं नाव का आहे?

गावात सांगतात ती गोष्ट अशी. जेठीबाई ही कापड रंगवायचा कारखाना चालवणारी बाई. त्या वेळी असा कायदा होता की बाप मेला की पोरक्या पोराला सरकार ताब्यात घेणार आणि ख्रिश्चन करणार. तिने ह्याविरुद्ध अर्ज केला, पण कागदावर नाही, एका ओढणीवर छापून ती ओढणी थेट पोर्तुगालच्या राणीला पाठवली, आणि कायदा रद्द झाला. दीवच्या बायका ही गोष्ट तुम्हाला रंगवून सांगतील, तपशील प्रत्येकीचा वेगळा.

१९६१ मध्ये इथे लढाई झाली होती का?

झाली, आणि गोव्यापेक्षा इथे जास्त जोराचा प्रतिकार झाला. आपल्या विमानांनी धावपट्टी फोडली, आयएनएस दिल्लीने समुद्रातून किल्ल्यावर मारा केला, आणि वेगा नावाची पोर्तुगीज गस्ती बोट विमानांनी बुडवली. १९ डिसेंबरला संपलं.

समुद्राकडे चक्रतीर्थला आयएनएस खुकरीचं स्मारक आहे ते मात्र १९७१ च्या युद्धाचं. ९ डिसेंबरला दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने खुकरी बुडवली, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत. त्याच नावाची नंतरची युद्धनौका निवृत्त झाल्यावर २०२२ मध्ये दीवला दिली, म्युझियम म्हणून. मुलं असतील तर त्यांना ती जास्त आवडेल.

दारूचं काय? (सगळे शेवटी हेच विचारतात म्हणून मध्येच घेतलं)

दीवमध्ये परवानगी आहे, पलीकडे गुजरातमध्ये बंदी आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी काय होत असेल ते तुम्हीच समजा. उघड्यावर, बीचवर पिऊ नका. आणि परत जाताना एकही बाटली गाडीत नको, चेकपोस्टला तपासणी होते आणि "आम्ही महाराष्ट्राचे, आम्हाला माहीत नव्हतं" हे तिथे चालत नाही. २ ऑक्टोबरला इथेही ड्राय डे.

गावातल्या गल्ल्यांमध्ये ह्या गर्दीचा फारसा त्रास नसतो, ती सगळी बारमध्ये आणि नागव्याला.

मग कोणत्या दिवसांत जाऊ?

ऑक्टोबर ते मार्च, त्यातही मंगळवार-बुधवार. दिवाळीनंतरचे पाच-सहा दिवस टाळा, आख्खा गुजरात लाभपंचमीपर्यंत फिरायला बाहेर असतो. जन्माष्टमीची सातम-आठमही टाळा, ती सौराष्ट्राची मोठी सुट्टी, आपल्याला लक्षात राहत नाही. ३१ डिसेंबरबद्दल बोलायलाच नको. पावसाळ्यात समुद्रात उतरू देत नाहीत पण गाव हिरवं आणि रिकामं असतं, हॉटेल स्वस्त, छत्री उडून जाईल एवढा वारा.

राहायचं कुठे, गावात की नागव्याला?

गाव बघायचं असेल तर गावातच, बंदर चौकाच्या आसपास किंवा खाडीकडे. सकाळी सातला धक्क्यावर जायला नागव्याहून कोणी उठून येत नाही, अनुभवाने सांगते. पोहायचं असेल तर घोघला बीच, त्याला २०२० मध्ये ब्लू फ्लॅग, म्हणजे स्वच्छ किनाऱ्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र, मिळालाय, स्वच्छ आहे आणि पुलापलीकडेच.

खायला काय?

मासे. पापलेट, सुरमई, कोळंबी, काही ठिकाणी बाजारातून तुम्ही आणलेले मासे शिजवून देतात, आधी विचारा. पण मसाला आपला नाही, मालवणीची अपेक्षा ठेवून गेलात तर चिडचिड होईल. व्हेजवाल्यांची चंगळ, गुजराती थाळी, सकाळी गाठिया आणि पपईचा संभारा, तळलेली मिरची. पोर्तुगीज जेवण मिळेल म्हणून पाट्या असतात, त्यांच्या नादी लागू नका, ते खरं घरातच शिजतं.

आईचे गुडघे दुखतात, जमेल का?

गाव सपाट आहे, जमेल. किल्ल्यात खालच्या भागात फिरता येईल, वर लाइटहाउसकडे चढ आणि पायऱ्या आहेत, तिथे त्यांना खंदकाच्या पुलाजवळ सावलीत बसवा. रिक्षा मिळतात, भाव आधी ठरवा. स्वतःला सायकल किंवा स्कूटर भाड्याने घ्या, लायसन्स जवळ ठेवा. फुदम गावातल्या गंगेश्वर मंदिरात नेता येईल, पाच शिवलिंगं आहेत आणि भरतीच्या लाटा त्यांच्यावर येतात, पण शेवटच्या पायऱ्या ओल्या असतात तेव्हा हात धरा.

घरांचे फोटो काढले तर लोक रागावतात का?

दाराचे, बाल्कनीचे काढा, कोणी काही म्हणत नाही. माणसांचे विचारून. ओट्यावर चढू नका, तो त्यांचा दिवाणखाना आहे. आणि कोणी "आवो, बेसो" म्हणालं तर बसा, चहा येणारच, नाही म्हणून उपयोग नसतो.

येताना काय आणायचं?

बाटली सोडून काहीही. शंख-शिंपल्यांच्या वस्तू किल्ल्याबाहेर मिळतात पण त्यातल्या बऱ्याच कुठेही मिळतात तशाच. मी सुके बोंबील आणते, बेटाच्या दुसऱ्या टोकाला वणाकबारा म्हणून मच्छीमारांचं गाव आहे, तिथे काठ्यांवर ओळीने वाळत घातलेले असतात. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून घ्या, ट्रेनमध्ये शेजारी गुजराती शाकाहारी कुटुंब असण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के.